सासूबाईंची अमेरिकन सवत

सवत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे नाटक-सिनेमातली नटवी बाई उभी राहते. माझ्या सासूबाईंची सवत मात्र सोळा फूट लांब होती. अंगाने काळी कुळकुळीत, कपाळावर चांदीसारखा चमकणारा एडका, आणि पेट्रोल पिणार पाण्यासारखं. नाव डॉज किंग्जवे. "या घरात थोरली मी की ती, हे अजून ठरायचंय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. मी लग्न होऊन निर्मळला आले त्या दिवशी मलाही त्यांनी तेच ऐकवलं. मी नवी नवरी! हसावं की नाही ते न कळून पदराशी चाळा करीत उभी राहिले.

हे १९६८ सालचं. माझं माहेर गिरगावातलं, चाळीतल्या दोन खोल्यांचं. मोटार म्हणजे आम्हाला टॅक्सी, आणि तीही कोणी आजारी असलं तरच. गिरगावात लग्न लागलं आणि वऱ्हाड लोकलने नालासोपाऱ्याला उतरलं. स्टेशनाबाहेर टांगेवाले ओळीने उभे, आणि त्यांच्या पलीकडे ही! पुढे मामंजी, आमचे हे आणि करवली. मागे मी, माझी पाठराखीण, सासूबाई, एक आत्येसासूबाई आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक पोर. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच असल्यामुळे पुढे तिघं आरामात मावत. वाड्यांमधल्या अरुंद रस्त्याने ती निघाली की दोन्ही बाजूंची केळीची पानं काचांवर घासायची. आत मोगऱ्याचा वास नुसता भरून राहिला होता. मला वाटलं, माझ्याच गजऱ्याचा. नंतर कळलं की दादरच्या बाजाराला जाणाऱ्या फुलांच्या करंड्या मामंजी रोज पहाटे तिच्यातूनच स्टेशनवर पोचवत. तो वास तिच्या गाद्यांत मुरला होता.

अमेरिकन म्हणायचं तेही तसं अर्ध्यानेच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना काढला आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुटे भाग बोटीने यायचे, जोडणी कुर्ल्याला व्हायची. गंमत म्हणजे साधारण तीच गाडी डॉज, प्लिमथ आणि डिसोटो अशा तीन नावांनी विकली जाई. पुढची जाळी आणि नावाच्या पट्ट्या तेवढ्या निराळ्या. एकच साडी तीन दुकानांत तीन नावांनी मिळते ना, तसंच! कुर्ल्याच्याही आधी, १९२८पासून, शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना शेवरलेट जोडत होता. तो १९५४ साली बंद पडला. पुढे परदेशी गाड्यांची आयात इतकी आवळली गेली, की जी अमेरिकन गाडी देशात होती तीच जपायची, अशी वेळ आली. वकिलातींच्या जुन्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, पण त्या घेणारे लोक वेगळे.

कॅडिलॅक, पॅकार्ड, ब्यूक ही संस्थानिकांची आणि सिनेमावाल्यांची वाहनं. डॉज त्यांच्या खालच्या पायरीवर. डॉक्टर, वकील, कंत्राटदार यांची. पण केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांतून, बैलगाड्या आणि सायकली यांच्यामधून, सहा सिलिंडरांचा तो खर्जातला आवाज करीत ती आली की शाळेतली पोरं वर्ग सोडून कुंपणाशी यायची. ब्यूक काय आणि डॉज काय, आमच्याकडे ती राजाचीच गाडी!

मामंजींनी ती १९५९ साली मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतली. मॉडेल १९५४चं. मामंजींचा केळीचा आणि फुलांचा व्यापार होता, हात सढळ होता आणि थाटाची हौस होती. घरात तिच्यासाठी कौलारू खोपी बांधली, तीही गोठ्यापेक्षा उंच. सासूबाईंचं न्हाणीघर मात्र तोवर झावळ्यांचंच होतं. हे त्या कधी विसरल्या नाहीत.

पण सवतीची निगा कोण राखी? त्याच! वसईचा वारा खारा. लोखंड म्हणू नका, चांदी म्हणू नका, सगळ्याला डाग पडतो. पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या चकचकीत पट्ट्यांना सासूबाई खोबरेल तेलाचा पातळ हात देत आणि पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने पुसून पुन्हा लावत. चिंच आणि राख त्या जवळही येऊ देत नसत. "तांब्यापितळेची गोष्ट वेगळी, हा वरचा मुलामा आहे, चिंचेने खाल्ला जाईल," म्हणत. (माझ्या शिवणयंत्राच्या चाकाला मी अजून तेच करते. करून पाहा.) अंगावर पांघरूण म्हणून त्यांची जुनी लुगडी. नऊ वारांची दोन लुगडी जोडली की ती बरोब्बर झाकली जायची. रात्री खोपीत डोकावलं तर वाटे, खरंच कोणी बाई लुगडं पांघरून निजली आहे.

एकदा मात्र सासूबाईंनी तिच्यावर सूड उगवला. आमच्याकडे राजेळीच्या केळ्यांची सुकेळी होतात, तुम्हाला माहीत असतीलच. पिकलेली केळी सोलून उन्हात कितीतरी दिवस वाळवायची, रात्री झाकायची, कावळे हाकलायचे, जीव नकोसा होतो. मामंजी चार दिवस गावाला गेले होते. गाडी अंगणात भर उन्हात उभी. सासूबाईंनी काचा वर केल्या, मागच्या गादीवर स्वच्छ धोतर अंथरलं आणि त्यावर सुकेळी मांडली. काय सुकली म्हणता! ना धूळ, ना कावळा. मामंजी परत आले, दार उघडलं, आणि आतून मधमाश्यांचा थवा बाहेर पडला. त्या दिवशी जेवताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. सुकेळी मात्र मामंजींनी तीन खाल्ली.

आता जरा कटू गोष्ट सांगते. मी मॅट्रिक झालेली म्हणून घरच्या जमाखर्चाची वही दोन वर्षांत माझ्याकडे आली. जुन्या वह्या चाळताना १९५९च्या पानावर मामंजींच्या अक्षरात एक ओळ दिसली: गाडीकरिता सौ.च्या पाटल्या गहाण. पुढची सगळी पानं पालथी घातली. व्याज भरल्याच्या नोंदी चार-पाच वर्षं होत्या, मग त्याही थांबल्या. पाटल्या सोडवल्याची नोंद कुठेच नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सासूबाईंच्या हातात नेहमी काचेच्याच बांगड्या असतात. मला वाटे, त्यांना दागिन्यांची आवडच नाही.

त्यांना विचारायचा धीर झाला नाही. पण मनातून मी त्या गाडीवर रुसले. त्यात १९७३चा नोव्हेंबर आला आणि पेट्रोलचे भाव एकदम भडकले. वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले ते तेव्हाच. आमची बया लिटरला सहा किलोमीटर देई, तेही तिची मर्जी असली तर! महिन्याच्या हिशेबात पेट्रोल, बॅटरी, टायर यांची बेरीज वाण्याच्या बिलाच्या वर जाऊ लागली. मी धीर करून ह्यांना म्हटलं, "विकून टाका ना. फुलं टांग्याने जातील." ह्यांनी मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "गाडी दारातून गेली की लोक म्हणतात, वाडीला कीड लागली. उद्या केळीवाला आगाऊ रक्कम देताना हात आखडेल."

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. 'अलबेला'वाले भगवानदादा मामंजींचे लाडके. आठवड्याच्या सात दिवसांना सात गाड्या होत्या त्यांच्याकडे, असं सांगत. पुढे गाड्या गेल्या, जुहूचा बंगला गेला, दादा परत दादरच्या चाळीत आले. लोकांनी त्यांचा पडता काळ मोजला तो गाड्यांवरूनच. मामंजी सिनेमावाले नव्हते, पण गावात त्यांची पत त्या एडक्याच्या डोक्यावर उभी होती. आपण बायका घरात बसून म्हणतो, कशाला हवा हा डामडौल? पण बाजारात डामडौलालाही भाव असतो, हे मला त्या दिवशी कळलं. पटलं मात्र नाही.

मग ती रात्र आली.

साल १९७४. धाकट्या वन्सं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. मामंजी पंढरपूरला गेलेले. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी. बाहेर मुसळधार पाऊस. रात्री अकराला वन्संच्या पोटात दुखू लागलं. तारीख पुढची होती. सुईणबाई आली, तिने हात लावून पाहिलं आणि सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "मूल आडवं वाटतंय. माझ्या हातचं काम नाही. हॉस्पिटलात न्या." टांगेवाला त्या पावसात यायला तयार नव्हता. टेलिफोन आसपास कोणाकडे नव्हता.

ह्यांनी लुगडी ओढून काढली. सहा व्होल्टची ती अशक्त बॅटरी, पावसात कसली चालू होतेय! हँडल मारून मारून ह्यांचा खांदा भरून आला. शेवटी मी, सुईणबाई आणि दोन गडी यांनी धक्का दिला. चिखलात माझी एक चप्पल रुतली ती आजतागायत सापडली नाही. पण गाडी धरली एकदाची. मागच्या गादीवर वन्संना आडवं घेतलं, डोकं सासूबाईंच्या मांडीवर, पाय माझ्या. एवढी लांबरुंद गादी आजकालच्या कुठल्या गाडीत आहे, सांगा बरं?

निर्मळ सोडलं, गिरीजच्या अलीकडे आलो, आणि धाडकन आवाज झाला. गाडी डावीकडे झुकली. पुढचं डावं चाक बसलं होतं.

ह्यांना गाडी चालवता येई, पण चाक कधी बदललं नव्हतं. ते काम पापडीच्या बाजूचा एक मेकॅनिक घरी येऊन करी. शेजारच्या वाडीतले एक ख्रिस्ती काका आवाज ऐकून कंदील घेऊन धावत आले, पाठोपाठ त्यांचे दोन तरणे मुलगे. जॅक लागला, चाकाची टोपी निघाली, आणि पाचही बोल्ट जाम! थोरल्या मुलाने पान्यावर उभं राहून जोर दिला. कट् असा आवाज झाला आणि एका बोल्टचं डोकं तुटून हातात आलं. दुसऱ्यावर जोर दिला तर तोही हलेना. वन्सं आत ओरडत होत्या. ह्यांचे हात थरथरत होते. मला माझ्या पायांखाली रस्ताच नाही असं वाटत होतं.

तेवढ्यात सासूबाईंनी काच खाली केली आणि पावसात डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "अरे, उलटे आहेत ते! डाव्या अंगाचे उलटे फिरव. आवळतोस कशाला?"

तिन्ही पुरुष त्यांच्याकडे बघत राहिले. "आई, तू गप्प बस जरा," हे म्हणाले.

"गप्प बसेन. आधी कंदील जवळ धर आणि बोल्टवर इंग्रजी एल आहे का बघ. मला वाचता येत नाही, पण कोपऱ्यासारखी खूण आहे ती."

काकांनी कंदील जवळ नेला. होती खूण! पाना उलट्या बाजूने, म्हणजे घड्याळाचे काटे फिरतात त्या बाजूने फिरवला, आणि कुरकुर करत पहिला बोल्ट सैल झाला. मग दुसरा, तिसरा, चौथा. स्टेपनी चढली. चार बोल्टांवर आम्ही हॉस्पिटल गाठलं. पहाटे साडेचारला वन्संना मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

नंतर मी मुद्दाम चौकशी केली. क्रायस्लरच्या गाड्यांना, म्हणजे डॉज, प्लिमथ, डिसोटो यांना, त्या काळी डाव्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असत. चाक पुढे धावताना बोल्ट आपोआप सैल होऊ नयेत, ही त्यामागची कल्पना. उजवीकडचे सुलटे, डावीकडचे उलटे. ज्याला ठाऊक नाही तो सोडवायला जाऊन आवळत बसतो आणि शेवटी तोडतो.

पण सासूबाईंना हे कुठून ठाऊक? हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसून चहा पिताना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं तो मेकॅनिक अंगणात काम करतोय आणि मी ओट्यावर वाल सोलतेय. हाताखालच्या पोराला दर वेळी शिव्या घालायचा, डावे उलटे, गाढवा, डावे उलटे! कानावर पडतं ना." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि सवत झाली म्हणून काय झालं? घरातली आहे. तिचं काय दुखतं-खुपतं ते माहीत नको?"

तेव्हा मी पाटल्यांचं विचारलं. रात्रभराच्या जागरणाने जीभ सैल झाली होती, एरवी विचारलं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मीच काढून दिल्या," म्हणाल्या. "त्यांनी मागितल्या नव्हत्या. डॉक्टरच्या दारात गाडीभोवती लहान मुलासारखे फिरत होते. सोडवून आणतो म्हणाले, मी हो म्हटलं. तेव्हाच कळलं होतं, नाही येणार." एवढंच. राग आहे की नाही, ते त्यांच्या आवाजावरून कळेना. मला विचाराल तर होता. पंधरा वर्षं काचेच्या बांगड्या घालून कुणाला राग येणार नाही? पण तो राग आणि ती तेलाचं बोट लावलेली चकचकीत पट्टी, दोन्ही त्यांचंच होतं.

त्या रात्रीनंतर 'विका' हा शब्द मी काढला नाही. मामंजी पंढरपूरहून आले, सगळं ऐकलं, आणि आठ दिवसांत कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून तुटलेल्या बोल्टच्या जागी नवा घेऊन आले. तो बसवताना सासूबाईंना ओट्यावरून अंगणात बोलावून, "बघ बरं, बरोबर फिरवतोय ना," असं विचारलं. गड्यामाणसांच्या देखत. आमच्या घरात त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे पुढे सुटे भाग मिळेनासे झाले. तशा कित्येक गाड्यांत लोकांनी डिझेल इंजिन टाकून त्या प्रवासी टॅक्सी म्हणून मरेपर्यंत पळवल्या. मामंजींनाही कोणी कोणी सुचवलं. "तिच्या पोटात दुसऱ्याचं काळीज घालायचं नाही," म्हणाले. १९८५ साली मामंजी गेले. गाडी दोन वर्षं खोपीत लुगड्याखाली होती. १९८७मध्ये सिनेमाच्या शूटिंगला जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक माणूस आला आणि अकरा हजार देऊ म्हणाला. सासूबाईंनी एकच अट घातली: भंगारात तोडायची नाही. त्याने हो म्हटलं. खरं-खोटं देव जाणे.

पैसे हातात आले तेव्हा ह्यांनी आणि मी ठरवून सासूबाईंना म्हटलं, यातून पाटल्या करू. त्या काळच्या भावाने होण्यासारख्या होत्या. त्यांनी नोटा मोजल्या, परत माझ्या हातात दिल्या. "विहिरीवर मोटर बसवा. बावखलातून कळश्या वाहून माझी कंबर गेली, तुझी जायला नको." मोटर बसली. उरल्या पैशांत न्हाणीघर पक्कं झालं.

अलीकडे, म्हणजे २०२१च्या जुलैमध्ये, सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. व्ही. ए. अशी अक्षरं त्यांच्या नंबरात येतात. रोज फिरवायच्या नाहीत, प्रदर्शनाला आणि मिरवणुकीला न्यायच्या. बातमी वाचली आणि मनात आलं, आमची असती तर? कुर्ल्याच्या त्याच कारखान्याची प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून २०२३मध्ये कायमची गेली, तेव्हाही लोक हळहळले. मीही हळहळले, पण पद्मिनीने कधी कोणाच्या पाटल्या खाल्ल्या नव्हत्या.

एक वस्तू तेवढी राहिली आहे. त्या रात्रीच्या घाईत डाव्या चाकाची टोपी परत बसवायची राहून गेली. काकांच्या धाकट्या मुलाने ती सकाळी सायकलवरून आणून दिली. तिच्यावर एक पोचा पडला होता, म्हणून मामंजींनी दुसरी बसवली आणि ही सासूबाईंनी ठेवून घेतली. कोंबड्यांना पाणी पाजायला तिच्याइतकं चांगलं भांडं नाही, कलंडत नाही. आता कोंबड्या नाहीत, वाडीचाही अर्धाच तुकडा उरला आहे. टोपी तुळशीपाशी आहे, चिमण्या येतात.

वन्संची ती मुलगी आता पन्नाशीला आली. नाशिकला असते, स्वतः गाडी चालवत येते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा हायवेवर तिचं चाक बसलं होतं. टायरवाल्याने पाना लावला, तर ही त्याला म्हणाली, "डावं आहे, उलटं फिरवा." तो हसला. म्हणाला, "मॅडम, आता सगळे सुलटेच असतात." तिने मला हे सांगितलं आणि वर विचारलं, "मामी, आजी खोटं तर नाही ना सांगायची?"

मी तिला उठवून तुळशीपाशी नेलं आणि टोपीवरचा पोचा दाखवला.